प्रिंट घेणारा म्हणतोय कॅप्शन काढून द्या. काय करू?

अर्धाउजेड

नमस्कार मंडळी, इतके दिवस नुसती वाचत असते, आज पहिल्यांदाच स्वतःचं गाऱ्हाणं घेऊन आलेय. लांबणार आहे, सांभाळून घ्या.

मी काही फुलटाइम फोटोग्राफर नाही, नोकरी सांभाळून सुट्टीला कॅमेरा उचलणारी. तीन वर्षं एकाच जागी जातेय. कचरा वेगळा करायची शेड आहे, तिथं बायका प्लास्टिक निवडतात, रंग बघून, जाडी बघून. सुरुवातीला मीही तेच काढलं जे सगळे काढतात, सुरकुतलेला चेहरा, मळलेले हात, कॅमेऱ्याकडे टक लावून बघणारं पोर. घरी येऊन स्क्रीनवर बघितलं की कसंतरीच व्हायचं. फोटो वाईट नव्हते हो, पण माझे नव्हते. आणि त्या बायका मला तिथं जशा दिसायच्या तशा त्यात नव्हत्याच. तिथं त्या एकमेकींना शिव्या घालत, हसत, इतक्या झपाझप निवडत असतात की बघणाऱ्याचे डोळे फिरतात. दोन निळ्या पिशव्या मला सारख्याच दिसतात, मावशी बोटात चुरगाळून आवाजावरून सांगतात ही वेगळी.

मग मी चेहरे सोडले आणि ढिगांच्या मागे लागले. शेडच्या पत्र्याला भोकं आहेत, सकाळी साधारण तासभर त्यातून उन्हाच्या काठ्या खाली उतरतात आणि रंगाचे ढीग असे पेटतात की काय सांगू. निळ्याचा, पांढऱ्याचा, एक दुधी हिरव्याचा. लांबून काहीच कळत नाही कशाचा फोटो आहे, जवळ गेलं की एका कोपऱ्यात हात दिसतो. मला हेच हवं होतं. आधी डोळे अडकू देत, मग कळू दे.

आता मुद्दा. चौघांनी मिळून छोटं प्रदर्शन केलं, माझे सहा प्रिंट होते. निळा सगळ्यांना आवडला. एका गृहस्थांनी विचारलं समुद्र आहे का, मी म्हटलं नाही, खाली कॅप्शन वाचा. वाचलं, गप्प झाले, फेरी मारून परत आले आणि म्हणाले मोठ्या साइजमध्ये पाहिजे, दिवाणखान्यात लावायचाय, पण ते खालचं कचऱ्याचं वगैरे काढून द्या. आलेल्या पाहुण्यांना कशाला.

मी हो पण म्हटलं नाही, नाही पण म्हटलं नाही. पहिलंच गिऱ्हाईक, खोटं कशाला बोलू, आनंद झाला होता. पण तेव्हापासून झोप उडालीय. एक मैत्रीण म्हणते त्यांच्या कष्टावर तू पैसे करणार म्हणजे मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी. दुसरी म्हणते अर्धे पैसे दान कर म्हणजे प्रश्न मिटला. मिटतो का असा? आणि प्रिंट विकायचे तर किती काढायचे, कसे, यातलं मला ओ की ठो कळत नाही.

---

डार्करूमवाला

प्रश्न छान मांडलायस ताई. आधी ते लोणी बाजूला ठेव, त्यावर नंतर येतो, कॅप्शनचं बघू.

अमेरिकन फोटोग्राफर डोरोथिया लँगचा तो स्थलांतरित आईचा फोटो सगळ्यांना माहिती आहे, १९३६ चा, कॅलिफोर्नियात वाटाणा तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर काढलेला. त्या बाईचं वय ३२ आहे, पोरं आहेत, हलाखी आहे, हे सगळं कॅप्शनमध्ये होतं. नाव नव्हतं. लँगनं विचारलंच नव्हतं. जगभर फोटो छापून आला आणि ती बाई कोण हे लोकांना कळलं थेट १९७८ मध्ये, आणि तेव्हा ती म्हणाली की मला यातून एक छदाम मिळाला नाही. गंमत म्हणजे लँगलाही मिळाला नाही, ती सरकारी कामावर होती, फोटो सरकारचा, आजही कोणीही त्याचा प्रिंट काढू शकतं. म्हणजे कॅप्शन असूनही ती बाई त्यातून गायबच. त्यामुळे 'कॅप्शन ठेवलं म्हणजे मी इमानदार' एवढं सोपं ते नाही. त्यात काय लिहिलंय ते बघावं लागतं. तू काय लिहिलं होतंस?

आता गिऱ्हाईकाचं. त्याच्या भिंतीवर काय दिसावं हा त्याचा प्रश्न, फोटो काय आहे हा तुझा. समोरच्या मॅटवर (फोटोभोवतीच्या पुठ्ठ्याच्या पट्टीवर) कॅप्शन नको म्हणतोय, नको देऊस. पण मागे बॅकिंगवर लेबल लागणारच, त्यावर नाव, वर्ष, कुठे काढला, कशाचा आहे, सगळं. तसंही चांगल्या प्रिंटच्या मागे हे असतंच. मागचं लेबल खरवडून काढा म्हणाला तर मात्र खुशाल नाही म्हण.

---

नुसताबघ्या

थोडं वेगळं बोलतो, राग मानू नका.

मला यातलं 'सामाजिक' प्रकरणच पटत नाही. निळा ढीग सुंदर आहे म्हणून विकला जातोय, त्यात सामाजिक कुठून आलं? तुम्ही शेडमध्ये गेलात ते रंगासाठी की त्या बायकांसाठी? रंगासाठी असेल तर तसं सांगा, त्यात लाज कसली. बायकांसाठी असेल तर ढिगाच्या फोटोनं त्यांचं काय भलं होणार? हे म्हणजे दोन्ही हातात लाडू. सुंदर पण म्हणा आणि पुण्य पण द्या.

ब्राझीलच्या साल्गादो या फोटोग्राफरवर अख्खी हयातभर हीच टीका झाली. सोन्याच्या खाणीत मुंग्यांसारखे चढणारे मजूर, आफ्रिकेतल्या साहेल पट्ट्यातला दुष्काळ, आणि प्रकाश असा की जणू चर्चमधलं चित्र. दुःखाला इतकं देखणं केलं की बघणारा दुःख विसरतो आणि देखणेपणाच बघत बसतो.

---

डार्करूमवाला

@नुसताबघ्या टीका झाली हे खरंय, पण पुढचं पण सांगा की. साल्गादो मुळात अर्थशास्त्र शिकलेला माणूस, ते सोडून कॅमेऱ्याकडे आला. साहेलला गेला तो डॉक्टरांच्या संस्थेबरोबर, लांब लांब राहून काम केलं. नंतर त्यानं आणि बायकोनं मिळून १९९८ मध्ये ब्राझीलमधल्या आपल्या घरच्या उजाड जमिनीवर संस्था काढली आणि लाखो झाडं लावली, जंगल परत आणलं. ते फोटो देखणे नसते तर लोकांनी पान उलटून टाकलं असतं.

आणि देखणं म्हणजे खोटं असं का धरून चालायचं? अमेरिकन फोटोग्राफर लुईस हाइन बघा. १९०८ पासून बालमजुरीविरुद्धच्या कमिटीसाठी गिरण्यांत शिरायचा, कधी बायबल विकणारा बनून, कधी आणखी काही. पोराची उंची आपल्या कोटाच्या बटणांवरून मापायचा आणि खिशात हात घालून आतल्या आत लिहून घ्यायचा म्हणे, कारण आकडा नसेल तर मालक म्हणणार फोटो बनावट आहे. तोच हाइन पुढे १९३०-३१ मध्ये एम्पायर स्टेट बिल्डिंगवर लोंबकळत काम करणाऱ्यांचे फोटो काढत होता, आणि त्यात दया नाही, रुबाब आहे रुबाब. माणूस तोच. जिथं बदलायला पाहिजे ते दाखवलं, जिथं कौतुक करायला पाहिजे ते पण दाखवलं. ताईचा ढीग मला या दुसऱ्यातला वाटतोय. (हाइन स्वतः शेवटी कंगाल होऊन १९४० मध्ये गेला, हे मात्र प्रिंट विकण्याचा विचार करणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.)

---

नुसताबघ्या

ठीक आहे, रुबाबाचा मुद्दा मान्य. पण मग दान-बिनाचं लेबल लावू नका त्याला. फोटोला फोटो म्हणून विका.

---

खारीचावाटा

मी एका छोट्या संस्थेचे हिशोब बघते, त्यामुळे दानाच्या मुद्द्यावर मलाच बोलायला पाहिजे. फोटोतलं मला शष्प कळत नाही हे आधीच सांगते.

कलाकार लोक येतात आणि पत्रकात लिहितात, 'विक्रीतून मिळणाऱ्या नफ्याचा काही भाग अमुक कामासाठी'. काही भाग म्हणजे किती? नफा म्हणजे काय, फ्रेमचा खर्च धरून की सोडून, कॅमेऱ्याचा हप्ता धरून की सोडून? सहा महिन्यांनी आमच्याकडे येतं एक पाकीट आणि सोबत एक हजार फोटो, की आम्ही चेक देतोय. मी खवट बोलतेय, कारण पाकिटापेक्षा फोटो जड असतात.

हिशोब करून बघा. समजा प्रिंटची किंमत १०० धरली. गॅलरीतून विकला तर साधारण निम्मे गॅलरीचे, राहिले ५०. तुम्ही जोशात जाहीर केलंत किमतीच्या ३० टक्के देणार, राहिले २०. प्रिंट, माउंट, फ्रेम, पॅकिंग मिळून २५ खर्च आला असेल तर प्रत्येक विक्रीमागे ५ तुम्ही खिशातून घालताय. दोन प्रिंट झाले की उत्साह संपला, तिसऱ्याला तुम्ही फोन उचलणं बंद करणार. हे मी झालेलं बघितलंय.

त्यामुळे टक्के सोडा. एका प्रिंटमागे इतकी ठरलेली रक्कम, कोणाला, कधी, एवढं लिहा. आणि ज्यांचं काम आहे त्यांनाच विचारा की पैसे हवेत का आणि कसे. तुमची मैत्रीण 'दान' म्हणते, पण त्या बायकांच्या घामाचं काम फोटोत असेल तर तो त्यांचा वाटा झाला ना, दान कसलं? शब्द बदलला की वागणं बदलतं.

आणि पैसे द्यायचे नसतील तर तसं स्वच्छ सांगून विका, कोणी फासावर देणार नाही. प्रॉब्लेम फक्त गोलमोल बोलण्यात आहे.

---

फ्रेमकर

बाकी तात्त्विक तुम्ही बघा, मी प्रिंटिंग-फ्रेमिंगवाला, कामाचं बोलतो.

ताई, मोठ्या साइजमध्ये म्हणजे किती ते आधी त्या साहेबांकडून इंचात घ्या, कारण लोकांचं 'मोठं' सोफ्याएवढं असतं. तुमचा कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा धरला तर फाइल ६००० बाय ४००० पिक्सेल. ३०० पीपीआयनं (म्हणजे इंचाला ३०० पिक्सेल) २० बाय साधारण १३ इंच निघतो, एकदम कडक. ३६ इंच रुंद केला तर १६६ च्या आसपास येतो, तोही चालतो कारण एवढा मोठा फोटो कोणी नाक लावून बघत नाही. पण! तुमच्या फोटोची गंमतच जवळ गेल्यावर हात दिसण्यात आहे ना? मग लोक नाक लावणारच. त्यामुळे फार ताणू नका. आणि क्रॉप केला असेल तर क्रॉपनंतरचे पिक्सेल मोजा, हे नव्वद टक्के लोक विसरतात.

कागद. निळा आहे म्हणून ग्लॉसीवर काढायचा मोह होईल, रंग उसळून येतात. पण ग्लॉसी म्हणजे वर काच, काचेत खिडकी, खिडकीत घेणाऱ्याचं स्वतःचं तोंड. मी असतो तर मॅट, म्हणजे बिनचमकीचा, कॉटन कागद, ३०० जीएसएमच्या (चौरस मीटरला ग्रॅम) आसपासचा, पिगमेंट इंक म्हणजे रंगकणांची टिकाऊ शाई. मॅटवर काळा थोडा उतरतो आणि गडद निळे एकमेकात मिसळू शकतात, म्हणून लॅबकडून त्या कागदाचा आयसीसी प्रोफाइल (त्या कागदावर रंग कसे उतरतात ते सांगणारी फाइल) घेऊन सॉफ्ट प्रूफ, म्हणजे प्रिंट कसा दिसेल ते स्क्रीनवरच बघा, आणि मुख्य म्हणजे मॉनिटरचा ब्राइटनेस खाली आणा. सगळ्यांची एकच रड, प्रिंट काळपट आला. प्रिंट काळपट नसतो, मॉनिटर दिव्यासारखा लावलेला असतो. अख्खा काढायच्या आधी एक पट्टी टेस्ट काढा, ज्यात उन्हाची काठी पण येईल आणि सावलीतला हात पण.

माउंट बोर्ड ॲसिड-फ्री घ्या, नाहीतर काही वर्षांत कडेला पिवळी किनार येते आणि शिव्या तुम्हाला पडतात. प्रिंट अख्खा चिकटवू नका, वरून दोन बिजागऱ्यांवर टांगायचा, कागद हवेप्रमाणे हलतो. सही पेन्सिलीनं, फोटोखालच्या पांढऱ्या कडेवर. डावीकडे नंबर, उजवीकडे सही.

नंबरवरून आठवलं. एडिशन किती, म्हणजे एकूण किती प्रिंट काढणार, ते पहिला प्रिंट विकायच्या आधी ठरवा आणि कागदावर लिहा, नंतर नाही. २५ म्हटलं तर ते २५ सगळ्या साइज मिळून की प्रत्येक साइजचे २५, हे पण लिहा. अमेरिकन फोटोग्राफर विल्यम एगलस्टनचं प्रकरण आठवा, जुन्या मर्यादित प्रिंटच्याच फोटोंचे मोठे डिजिटल प्रिंट काढून २०१२ मध्ये लिलावात विकले, तर जुने घेतलेला संग्राहक कोर्टात गेला. २०१३ मध्ये दावा फेटाळला गेला, नवी एडिशन वेगळी धरली, पण आपल्यासारख्यांनी कशाला त्या फंदात पडायचं. आर्टिस्ट प्रूफ, म्हणजे एडिशनच्या नंबरांबाहेरचे प्रिंट, दोन-तीन ठेवा स्वतःला, त्याची पण नोंद ठेवा.

---

डार्करूमवाला

फ्रेमकरचं सगळं बरोबर, फक्त एडिशनबद्दल माझं थोडं वाकडं मत आहे. जो फोटो जास्तीत जास्त लोकांनी बघावा असं वाटतं त्याचे मुद्दाम थोडेच प्रिंट काढायचे, हे मला नेहमी विचित्र वाटत आलंय. अमेरिकन फोटोग्राफर ॲन्सेल ॲडम्सनं १९४१ मध्ये काढलेल्या त्या चंद्रोदयाच्या फोटोचे स्वतःच्या हातानं हजारावर प्रिंट काढले, आकाश वर्षागणिक काळं करत नेलं, तरी किंमत काही पडली नाही. आणि सामाजिक म्हणाल तर १९३८ मधलं त्याचं डोंगरांच्या फोटोंचं पुस्तक थेट अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांपर्यंत पोचलं आणि १९४० मध्ये किंग्ज कॅन्यन राष्ट्रीय उद्यान झालं. एका खडकाच्या फोटोत पण मोहीम असू शकते, @नुसताबघ्या.

मधला रस्ता म्हणजे मोठे थोडे आणि छोटे पुष्कळ. मॅग्नम या फोटोग्राफरांच्या संस्थेवाले नाही का, सहा बाय सहा इंचाचे छोटे सही केलेले प्रिंट ठरावीक दिवसच विकतात, नगावर मर्यादा नाही, दिवसांवर मर्यादा. छोटा प्रिंट शेडमधल्या बायकांच्या घरी पण लागू शकतो.

---

तिसरीघंटा

एवढं सगळं झालं आणि एक गोष्ट कोणीच विचारली नाही. त्या मावशींनी प्रिंट बघितलेत का? तीन वर्षं जाताय तुम्ही.

हात आहे ना कोपऱ्यात. चेहरा नाही म्हणून परवानगी नको असं समजू नका, ज्याचा हात आहे त्याला तो लगेच ओळखू येतो. आणि 'फोटो काढू का' ला हो म्हणणं वेगळं, 'हा मोठा करून विकू का, कोणाच्या तरी घरात लागेल' ला हो म्हणणं वेगळं. दुसरं तुम्ही विचारलंय असं पोस्टमध्ये कुठं दिसलं नाही.

जपानमधल्या मिनामाताचं उदाहरण मला नेहमी आठवतं. पाऱ्याच्या विषबाधेनं जन्मतःच अपंग झालेल्या मुलीला आई अंघोळ घालतेय, अमेरिकन फोटोग्राफर युजीन स्मिथनं १९७१ मध्ये काढलेला फोटो. त्या एका फोटोनं अख्ख्या जगाला त्या गावाचं दुखणं कळलं, आईवडिलांनीही तेव्हा हो म्हटलं होतं. मुलगी १९७७ मध्ये गेली. फोटो छापून येतच राहिला, आणि घरच्यांना आता तिला विश्रांती मिळावी असं वाटायला लागलं. शेवटी स्मिथ गेल्यावर त्याच्याबरोबर तिथं काम केलेल्या त्याच्या तेव्हाच्या बायकोनं, आयलीननं, १९९८ मध्ये त्या फोटोचा निर्णय आईवडिलांच्या हातात दिला आणि पुढे बरीच वर्षं नव्यानं छापायला देणं थांबवलं. काहींना ते चुकीचं वाटलं. मला नाही वाटत. होकार एकदा दिला की कायमचा, असं नसतं.

त्यामुळे कॅप्शनचं गिऱ्हाईकाला विचारण्याआधी शेडमध्ये विचारा.

---

अर्धाउजेड

@तिसरीघंटा खरं सांगू का, वाचून लाज वाटली. मोबाइलवर दाखवले होते अधूनमधून, पण प्रिंट म्हणून नाही, आणि विकण्याबद्दल तर एक शब्द नाही. @डार्करूमवाला कॅप्शनमध्ये होतं, 'कचरा वेचणाऱ्या स्त्रियांचे अदृश्य श्रम'. आता वाचताना ते पत्रकातलं वाक्य वाटतंय. अदृश्य कोणाला? मला तर रोज दिसत होते.

रविवारी सहाही प्रिंट घेऊन जाते. मग लिहिते.

---

फ्रेमकर

प्रिंट कडक फोल्डरमधून न्या, गुंडाळी करून नको. आणि धुळीत मॅट कागदाला बोट लागू देऊ नका, ओरखडा जात नाही. तुमच्याकडच्या एका कॉपीची आहुती पडणार हे धरूनच चला म्हणजे कोणावर चिडायला होणार नाही.

---

अर्धाउजेड

आले जाऊन. दोन दिवस झाले पण लिहायला बसवत नव्हतं.

आधी वाटलं होतं की चेहऱ्याचे जुने फोटो मागतील, म्हणून तेही चार छोटे काढून नेले होते. ते बघून एकीनं सरळ सांगितलं, हा फाडून टाक, मी यात आजारी दिसतेय. फाडला तिथंच. दुसरी म्हणाली माझा काढायचा तर सुट्टीच्या दिवशी ये, नीट आवरून बसते. तेही करणार आहे, त्याचे पैसेबिसे नाहीत, त्यांच्या घरी लागणार ते.

मग ढिगांचे लावले भिंतीला टेकवून. पाच मिनिटं कोणी काही बोलेना, मला वाटलं आवडले नाहीत. मग भांडण सुरू झालं, ढीग कोणाचा यावरून! मला ढीग म्हणजे ढीगच, त्यांना प्रत्येक ढीग ओळखू येत होता. दुधी हिरव्यात दोन पिवळट पिशव्या राहिल्यात, ते बघून एकीनं दुसरीला इतकं चिडवलं की बस. आणि निळा. निळ्यापुढे एक मावशी उभ्या राहिल्या, हात स्वतःचा असल्याचं त्यांनी सांगितलंही नाही, बाकीच्यांनी सांगितलं. त्या म्हणाल्या, हा माझा, एक पण वेगळी पिशवी नाही बघ यात.

मी सगळं सांगितलं, एक माणूस विकत घेतोय, घरात लावणार, कचरा आहे हे लिहू नको म्हणतोय. वाटलं रागावतील. मावशी म्हणाल्या, मग कचरा लिहूच नको, निवडल्यावर तो कचरा राहत नाही, माल असतो. माझं नाव लिही.

@खारीचावाटा वाट्याबद्दल पण बोललो. एकेकीला वेगळे नकोत म्हणाल्या, भांडणं होतील. शेडमध्ये उजेडासाठी दोन पारदर्शक पत्रे बसवायचेत, दुपारनंतर काही दिसत नाही त्यांना, प्रत्येक प्रिंटमागे ठरलेली रक्कम त्यात जाईल. पत्रे बसले की माझ्या त्या उन्हाच्या काठ्या बहुतेक जाणार! हे त्यांना सांगितलं तर खो खो हसल्या.

एडिशन ठरवली, मोठे १५ सगळ्या साइज मिळून, छोटे हवे तितके. कागद मॅट. मागचं लेबल असं झालंय: 'निळा. निवड:' आणि पुढे मावशींचं पूर्ण नाव, मग वर्ष, मग माझं. नाव इथं लिहीत नाही, त्यांनी लेबलसाठी हो म्हटलंय, इथल्यासाठी विचारलं नाही. पुढच्या मॅटवर पण हीच ओळ घ्यायची माझी इच्छा आहे. कचरा शब्द त्यात नाहीये, त्यामुळे साहेबांची तक्रार तशी संपायला हवी, पण 'निवड' म्हणजे काय हे पाहुणे विचारणारच, आणि सांगायचं काम त्यांच्यावर पडणार.

त्यांना अजून फोन केला नाही. उद्या करते. नाही म्हणाले तर छोटा एक प्रिंट कोणाला हवाय का इथं?

---

नुसताबघ्या

मला एक. लेबलसकट.